पॉझिटिव्ह आली तर पाठवायचं कुठे?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी परिचारिकांच्या प्रशिक्षण केंद्रात १९ वर्षं ट्यूटर आहे. गेल्या वर्षी आम्ही सरकारी अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रांवरच्या ५०० परिचारिकांना कर्करोग प्रतिबंधाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं, असा विषय होता. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, तंबाखू, लस, आहार असं सगळं त्यात घेतलं होतं. 'उद्दिष्टे मोजण्याजोगी नाहीत, मूल्यमापन अपुरे' असा शेरा घेऊन तो परत आला. आमचे वरिष्ठ म्हणतात, आकडा वाढवा, २,००० जणींना शिकवू असं लिहा, म्हणजे मंजूर होईल. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही. मी संशोधक नाही. मूल्यमापन म्हणून आम्ही प्रशिक्षणाच्या आधी आणि नंतर एक लेखी चाचणी घेतो, तेवढंच. शिवाय प्रस्तावाचा प्रमुख म्हणून नाव कोणाचं घालायचं, यावरूनही कुरबुर आहे. पुन्हा अर्ज करावा का?

— एक ट्यूटर

उत्तर

प्रिय ताई,

अर्ज नक्की करा. २,००० चा आकडा मात्र घालू नका, आणि का नको ते वरिष्ठांना हिशेब मांडूनच दाखवा. तुमच्याकडे हाताला धरून शिकवणाऱ्या चौघी आहेत असं धरू. स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून आत पाहायचं उपकरण) हातात देऊन शिकवायचं तर एका शिकवणारीकडे सहाहून जास्त जणी सोपवता येत नाहीत, म्हणजे एका तुकडीत २४. दोन हजारांच्या झाल्या ८४ तुकड्या. प्रत्येक तुकडीला तीन दिवस धरले तर २५२ दिवस. रविवार आणि सणवार वजा केले की वर्ष संपलं, आणि तुमच्या नेहमीच्या विद्यार्थिनींना शिकवायला कुणी उरलंच नाही. परीक्षक हा गुणाकार पहिल्या पाच मिनिटांत करतो. मी अशा समित्यांवर बसले आहे. मोठा आकडा पाहून तिथे कुणी भारावत नाही. यांनी हे काम प्रत्यक्ष केलेलं नसावं, अशी शंका मात्र लगेच येते.

आता मूळ दुखण्याकडे येते. तुम्ही पत्रात प्रशिक्षणाविषयी बरंच लिहिलंत, पण प्रशिक्षण घेऊन आपल्या केंद्रावर परत गेलेली परिचारिका पुढे काय करते, याबद्दल एक अक्षरही नाही. हे तुम्हाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. मीसुद्धा कित्येक वर्षं तसेच प्रस्ताव लिहीत होते.

एकदा आम्ही गर्भाशयमुखाच्या व्हीआयए तपासणीचं प्रशिक्षण घेतलं. ही तपासणी तुम्हाला ठाऊकच आहे: ३ ते ५ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहायचं. सगळं नीट पार पडलं. नंतरच्या चाचणीत गुण दुप्पट झाले. आमचा अहवाल छान दिसला आणि अनुदानाचा शेवटचा हप्ताही आला. सहा महिन्यांनी मी एका केंद्रावर गेले. तिथली परिचारिका आमच्या तुकडीतली सगळ्यात हुशार. तिच्या कपाटात अ‍ॅसिडची बाटली जवळजवळ भरलेली होती. "विसरलात का?" असं मी विचारलं. ती म्हणाली, "विसरले नाही मॅडम. पहिल्याच आठवड्यात तिघींना तपासलं, त्यातली एक पॉझिटिव्ह आली. आता तिला पाठवायचं कुठे? मोठ्या रुग्णालयात पाठवलं तर तिथलं कॉल्पोस्कोपीचं, म्हणजे गर्भाशयमुख मोठं करून पाहायचं यंत्र बंद. बाई दोनदा हेलपाटा मारून आली, तिसऱ्यांदा घरच्यांनी सोडलं नाही. ती रस्त्यात दिसली की मला तोंड लपवावंसं वाटतं. मग नाही उघडली पुन्हा बाटली."

तिचं शिक्षण पक्कं होतं. आमचा प्रस्तावच तिच्या टेबलापाशी येऊन संपला होता. त्या दिवसापासून मी कुठलाही प्रशिक्षणाचा प्रस्ताव शेवटच्या पानाकडून वाचते. पॉझिटिव्ह आलेली बाई कुठे जाणार, तिथे कोण बसलेलं असेल, ती पोचली की नाही हे कुणाच्या वहीत लिहिलं जाणार, एवढं सापडलं तर मगच व्याख्यानांचं वेळापत्रक पाहते.

अभ्यासांमधूनही असंच काहीसं दिसतं. आरोग्य व्यावसायिकांच्या सभा आणि कार्यशाळांवरच्या ८१ तुलनात्मक अभ्यासांचा आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे २००९ साली प्रसिद्ध झाला. अशा कार्यशाळांनी प्रत्यक्ष कामात जो फरक पडला, त्याचा मध्यक सुमारे ६ टक्के होता. व्याख्यानाला सरावाची जोड असेल तिथे परिणाम जास्त होता, आणि जिथे वागण्यात गुंतागुंतीचा बदल करायचा होता तिथे नुसत्या कार्यशाळांनी फारसं काही साधलं नाही. तुमच्या परीक्षकांपैकी एकाला तरी हे माहीत असणार. 'तीन दिवसांची कार्यशाळा' एवढंच वाचलं की तो पुढची पानं याच नजरेने चाळतो.

पण यातून प्रशिक्षणात काही अर्थ नाही असं समजू नका. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख महिलांवर केलेला अभ्यास प्रस्तावात जरूर घ्या. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक महिलांना व्हीआयए शिकवली गेली. त्यांनी ३५ ते ६४ वयाच्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी केली. १२ वर्षांनी पाहिलं तर तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. याच्या शेजारी उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास ठेवा. तो २००९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात १,३१,७४६ महिला होत्या. तिथे प्रत्येकीची तपासणी एकदाच झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणाऱ्या चाचणीने, मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, पण एकदाच केलेल्या व्हीआयएने म्हणावी तशी घट दिसली नाही. दोन्ही अभ्यासांत फरक पुष्कळ आहेत, सरळ तुलना करू नये. तरी शिकवणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी: डोळ्यांच्या अंदाजावर चालणारी तपासणी असेल तर ती पुन्हा पुन्हा व्हावी लागते आणि करणारीची नजर सतत घासून ठेवावी लागते. म्हणजे तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर काहीच नाही, ही रचना तुमच्यासाठी बादच आहे.

मग पैसे कशावर मागायचे? माझ्या मते निम्म्याहून अधिक पैसे प्रशिक्षणानंतरच्या वर्षावर मागा. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात तुमची ट्यूटर प्रत्येक केंद्रावर जाऊन त्या परिचारिकेच्या शेजारी उभी राहील आणि पाच तपासण्या पाहील. दर पंधरा दिवसांनी तासभर व्हिडिओवर सगळ्या जणी जमतील आणि आपापल्या अडलेल्या केसेस तज्ज्ञांपुढे मांडतील. ही पद्धत न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हेपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी सुरू केली. २०११ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अशा मार्गदर्शनाखाली गावोगावच्या साध्या दवाखान्यांत उपचार घेतलेले रुग्ण विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या रुग्णांइतकेच बरे झाले. कर्करोगाच्या क्षेत्रातही ही पद्धत आता रुळली आहे. खर्च फार नाही: एक समन्वयक, इंटरनेट, आणि तज्ज्ञांचं मानधन. मुख्य म्हणजे त्या परिचारिकेला आपण एकटी नाही असं वाटतं, आणि पॉझिटिव्ह आलेल्या बाईचं पुढे काय करायचं हे विचारायला दर पंधरवड्याला एक जागा मिळते.

मूल्यमापनाचं तुम्ही उगीच मनावर घेतलं आहे. त्यासाठी संशोधक असावं लागत नाही, नोंदवही नीट ठेवता यावी लागते, आणि ते तुम्ही १९ वर्षं करत आहात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, शिकले का, कामात बदल झाला का, आणि त्या बदलातून काही निष्पन्न झालं का. तुमची आधी-नंतरची चाचणी दुसऱ्या पायरीवर थांबते. परीक्षकाला तिसरी हवी असते आणि चौथीची निदान एक झलक. 'मूल्यमापन अपुरे' या शेऱ्याचा अर्थ बहुतेक एवढाच आहे.

तिसऱ्या पायरीसाठी उद्दिष्टाचं वाक्य असं काहीतरी हवं: 'सहभागी ६० परिचारिकांपैकी किमान ४५ जणी प्रशिक्षणानंतर सहा महिने दरमहा निदान १० महिलांची तपासणी करतील, आणि पॉझिटिव्ह आलेल्या महिलांपैकी ८० टक्के ६० दिवसांच्या आत पुढच्या तपासणीपर्यंत व उपचारांपर्यंत पोचतील.' हे आकडे मी नमुन्यादाखल घातले आहेत. तुमचे आकडे तुमच्या भागातल्या गेल्या सहा महिन्यांच्या रजिस्टरमधून काढा. आधी किती तपासण्या होत होत्या हे लिहिलं नाही तर नंतर वाढ झाली हे सिद्ध करता येत नाही, आणि पुष्कळ प्रस्ताव इथेच आपटतात. रजिस्टरमध्ये शून्य असेल तर शून्य लिहा. लाज वाटायचं कारण नाही, गरज दाखवायला त्याहून चांगला आकडा नाही.

सगळ्या जणींना एकदम शिकवू नका. चार तुकड्या करा आणि कोणती तुकडी आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. पहिली तुकडी शिकून कामाला लागलेली असताना चौथी अजून शिकलेली नसते. त्या दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या की तुलना आपोआप मिळते, आणि कुणालाच प्रशिक्षणापासून वंचित ठेवावं लागत नाही. कौशल्य तपासायला गर्भाशयमुखाची ५० छायाचित्रं पुरतात. तज्ज्ञाचं उत्तर आधी लिहून ठेवा आणि प्रत्येकीचं उत्तर त्याच्याशी जुळवा. हेच सहा महिन्यांनी पुन्हा करा. आणखी एक गोष्ट महिन्याला पाहत चला: शंभर महिलांमागे कुणाला किती पॉझिटिव्ह सापडतात. साधारण सारख्या वस्तीत एकीला एकही सापडत नसेल आणि दुसरीला तीस सापडत असतील, तर दोघींच्याही केंद्रावर जायला हवं. हे काम रागावून करायचं नाही. पहिली बहुधा घाईत असते आणि दुसरी घाबरलेली.

रुग्णांच्या नोंदी वापरणार म्हणजे संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागेल. तिला वेळ लागतो, आजच अर्ज टाका.

विषय कमी करा, हे सांगताना मला थोडं जड जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत, आणि सगळंच शिकवावं ही तुमची तळमळ मला कळते. पण तीन दिवसांत सहा विषय शिकलेली परिचारिका सोमवारी सकाळी यातलं नेमकं काय करणार? मी तुमच्या जागी असते तर गर्भाशयमुख आणि तंबाखू एवढेच दोन विषय ठेवले असते. गर्भाशयमुख अशासाठी की तिथे रोग होण्याआधीची अवस्था सापडते आणि ती बरी करता येते. शिवाय २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठरवलेलं ९०-७०-९० हे लक्ष्य तयारच आहे: ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के महिलांची पस्तिशीपर्यंत आणि पुन्हा पंचेचाळिशीपर्यंत खात्रीशीर चाचणी, आणि रोग सापडलेल्या ९० टक्के महिलांना उपचार. तुमच्या प्रस्तावाची पहिली दोन वाक्यं याला जोडा. २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ६० हजार महिलांना हा कर्करोग झाला आणि साडेतीन लाख महिला गेल्या. यापुढे गरज पटवायला वेगळं पान लागत नाही.

तंबाखू अशासाठी की त्याला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही, तीन मिनिटं लागतात. डॉक्टरने थोडक्यात सल्ला दिला तरी धूम्रपान सोडणाऱ्यांचं प्रमाण १ ते ३ टक्क्यांनी वाढतं. ऐकायला हे कमी वाटतं. पण केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं तर वर्षाला ती माणसं किती होतात, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. परिचारिकांनी हे काम करावं यालाही चांगला आधार आहे. स्तन आणि तोंड सोडायचं वाईट वाटत असेल तर ते दुसऱ्या टप्प्यात घेऊ असं स्पष्ट लिहा. तोंडासाठी केरळमधला अभ्यास हाताशी आहेच. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी तोंड तपासल्यामुळे तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले, असं त्यात २००५ मध्ये दिसलं.

अभ्यासक्रम मात्र ताजा करून घ्या. जुन्या स्लाइड तशाच उचललेल्या दिसल्या की परीक्षकाचा विश्वास उडतो. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना प्राथमिक चाचणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस करते. तेव्हा व्हीआयए शिकवतानाच नमुना कसा घ्यायचा आणि बाईला स्वतःचा नमुना स्वतः घ्यायला कसं शिकवायचं, हेही घ्या. लाजेपायी तपासणीच्या टेबलावर न चढणाऱ्या कितीतरी बायका स्वतः नमुना द्यायला तयार होतात. २०२२ पासून ९ ते २० वयोगटात लसीचा एक डोसही चालतो, आणि अजून तीन डोसांचा तक्ता दाखवणाऱ्या स्लाइड मी पाहिल्या आहेत. व्हीआयए पाळी गेलेल्या बाईला बहुधा लागू पडत नाही, कारण पाहायचा भाग आत सरकलेला असतो, हे ठळक करा. आणि रक्तस्राव होणाऱ्या बाईची व्हीआयए निगेटिव्ह आली म्हणून तिला घरी पाठवायचं नाही. हे वाक्य तर वर्गाच्या भिंतीवर लावा.

आता पैशांचं थोडं. प्रशिक्षणाला आलेल्या परिचारिकेच्या जागी त्या तीन दिवसांत ड्युटी कोण करणार, याचा खर्च अंदाजपत्रकात असतोच असं नाही, आणि त्यामुळेच ऐनवेळी अर्ध्या जणी येत नाहीत. बदली ड्युटीचे पैसे अनुदानाच्या नियमांत बसतात का ते अधिकाऱ्याला फोन करून विचारा. असा फोन केल्याने गुण कापले जात नाहीत. अ‍ॅसिड, स्पेक्युलम, टॉर्च अशा वस्तू शिक्षणाच्या अनुदानातून अनेकदा मिळत नाहीत. त्यासाठी आरोग्य विभागाचं पत्र जोडा: अमुक केंद्रांना अमुक साहित्य दरमहा पुरवू. मोठ्या रुग्णालयाचंही एक पत्र हवं, आणि त्यात वार आणि वेळ हवी. 'सहकार्य करू' असं लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. 'दर बुधवारी दुपारी कॉल्पोस्कोपीसाठी या केंद्रांच्या महिलांना चार जागा राखून ठेवू' असं पत्र मिळालं तर तुमचा निम्मा प्रस्ताव तिथेच झाला. ते मिळवायला तीन-चार वेळा जाऊन बसावं लागेल. जा.

संस्थेच्या वरखर्चाचा वाटाही आधीच विचारून घ्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची आर-२५ ही शिक्षणासाठीची अनुदानं यासाठी पाहण्याजोगी आहेत. त्यांत संस्थेचा अप्रत्यक्ष खर्च ८ टक्क्यांच्या वर मिळत नाही, आणि मूल्यमापनाचा व प्रसाराचा आराखडा अर्जातच द्यावा लागतो. तुमच्या अनुदानाचे नियम वेगळे असतील, पण प्रसाराचं एक पान तुम्हीही घाला: अभ्यासक्रम, छायाचित्रं आणि नोंदवहीचा नमुना इतर केंद्रांना फुकट देऊ. त्याला पैसे लागत नाहीत आणि सरकारला ते आवडतं.

परत आलेल्या शेऱ्याला नव्या अर्जात सर्वांत वर उत्तर द्या. तुमचं म्हणणं बरोबर होतं, त्याप्रमाणे हे आणि हे बदललं, इतक्या सरळ शब्दांत. शेऱ्यावर रुसलेला अर्ज लगेच ओळखू येतो.

नावाच्या कुरबुरीबद्दल. प्रमुखाचं नाव त्या व्यक्तीचं असावं जी प्रकल्प संपेपर्यंत दर पंधरवड्याच्या बैठकीला हजर राहणार आहे आणि हिशेबावर सही करणार आहे. तुमच्या वर्णनावरून ती तुम्ही आहात. अनुदानाच्या नियमांत पद किंवा पदवीची अट असेल तर वरिष्ठांचं नाव येऊ द्या, पण सहप्रमुख म्हणून तुमचं नाव, तुमच्या वेळेचा टक्का आणि तुमची जबाबदारी अर्जात छापलेली हवी. तोंडी कबुलीवर राहू नका. वरिष्ठांशी हे भांडणाच्या सुरात बोलायची गरज नाही. जबाबदाऱ्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रत्येक कामापुढे कोणाचं नाव लिहू ते विचारा. केंद्रांना भेटी, पंधरवड्याची बैठक, रजिस्टर जुळवणं, असं वाचत गेलं की बहुतेक रकाने तुमच्याच नावाने भरतात, आणि मग वरच्या रकान्याचा प्रश्न बराच सोपा होतो.

हे सगळं लिहायला बसण्याआधी या आठवड्यात एक काम करा. पूर्वी तुमच्याकडे शिकून गेलेल्या दोन परिचारिकांच्या केंद्रावर जा, आणि पत्राने कळवून नको, सहज म्हणून जा. कपाट उघडून पाहा. शेवटची तपासणी कधी झाली, थांबली असेल तर का थांबली, शेवटची पॉझिटिव्ह बाई आता कुठे आहे, हे त्यांना विचारा आणि त्यांच्याच शब्दांत टिपून घ्या. तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद त्या वहीत असेल.

तुमची,
सल्लागार ताई